माझा चौथा कोपरा

मित्रांनो, मी एक जुना लाकडी खोका आहे आणि सध्या फार घाबरलेलो आहे. खोक्याला कसली आली भीती, असं तुम्ही म्हणाल. मला तोंड नाही, हातपाय नाहीत, पोट आहे ते रिकामंच. पण कालपासून त्या रिकाम्या पोटात गोळा आला आहे. तो का आला हे सांगायचं तर सगळं पहिल्यापासून सांगावं लागेल. मध्येच उठून जाऊ नका. शेवटी माझं तुमच्याकडे एक काम आहे.

माझा जन्म एका सिनेमाच्या स्टुडिओत, घाईघाईत झाला. सुतारमामा खोट्या घराचा खोटा दरवाजा बनवत बसले होते. कॅमेरावाले काका धावत आले आणि म्हणाले, "मामा, पोरगी बुटकी पडते. पायाखाली द्यायला काहीतरी ठोकून द्या, लगेच." मामांनी दरवाजाच्या उरलेल्या फळ्या घेतल्या, आडव्यातिडव्या कापल्या आणि खिळे मारले. झालो मी तयार. माझ्या चार कोपऱ्यांपैकी तीन जमिनीला नीट टेकले. चौथा टेकेना. मामांनी मला हाताने हलवून पाहिलं, मी डुगडुगलो. "उद्या रंधा मारून सरळ करतो," ते म्हणाले. माझ्या सगळ्या गोष्टीचं मूळ त्या न आलेल्या उद्यात आहे.

आता ती बुटकी पोरगी कोण, ते ऐका. सिनेमात दिवे लावायला फार वेळ लागतो. कुठला दिवा कुठे ठेवायचा, सावली कुठे पडते, हे पाहायला कुणाला तरी नटाच्या जागी ताटकळत उभं राहावं लागतं. त्या सिनेमात एक ठरलेली बालनटी होती, चांगली उंच आणि चुणचुणीत. ती मेकअपच्या खोलीत आरामात बसायची आणि तिच्या जागी उजेडासाठी उभी राहायची कपडेपटातल्या शिवणवाल्या बाईंची मुलगी. या मुलीला घरी ठेवायला कुणी नव्हतं, म्हणून आई तिला रोज बरोबर आणायची. ती दिवसभर इस्त्रीच्या टेबलाखाली बसून रंगांप्रमाणे बटणं वेगळी करायची. तिचे दुधाचे दातही अजून पडले नव्हते. सगळे तिला बटणच म्हणायचे, मीही तेच म्हणतो. बटण त्या बालनटीच्या खांद्यालाही पोचत नव्हती, आणि म्हणून मी.

तिला पहिल्यांदा माझ्यावर उभं केलं तो क्षण मला लख्ख आठवतो. समोर एवढाले दिवे, दिव्यांमागे मिट्ट काळोख, आणि त्या काळोखातून माणसांचे मोठमोठे आवाज. तिचे अनवाणी तळवे गार पडले होते. कुणीतरी ओरडलं, "जरा उजवीकडे." ती बिचारी उजवीकडे सरकली आणि मी माझ्या चौथ्या कोपऱ्याकडे कललो. तिला वाटलं, आपण पडलोच. पडली नाही ती. पण तिच्या पायांच्या बोटांनी माझी फळी अशी घट्ट धरली की मीही गारठलो. दोघेही नवीन, दोघेही घाबरट. जोडी छान जमली होती.

कॅमेरावाले काका तेव्हा उजेड तपासायला थोडी फिल्म फिरवून बघत होते. तिचा तो चेहरा त्या फिल्मवर आला.

खऱ्या बालनटीला त्या दृश्यात अंधाराला घाबरायचं होतं. ती काही केल्या घाबरेना. डोळे मोठे करायची आणि फसकन हसायची. दिग्दर्शकांनी, ज्यांना सगळे साहेब म्हणत, तिला रागावून पाहिलं, गोडीने सांगून पाहिलं, शेवटी डोक्याला हात लावला. दुसऱ्या दिवशी त्यांनी ती तपासणीची फिल्म पाहिली. सेटवर येऊन त्यांनी विचारलं, "ती कोण मुलगी?"

"ती उजेडासाठी उभी केलेली, साहेब. आपल्या शिवणवाल्या बाईंची."

"हीच घ्यायची," साहेब म्हणाले.

उंच बालनटी आपली बाहुली घेऊन घरी गेली. मला तिचं वाईट वाटलं, कारण तिचा दोष इतकाच होता की ती एका सरळ जमिनीवर उभी होती. तेवढ्यात सुतारमामा रंधा घेऊन माझ्याकडे आले. पोरगी कशाने घाबरली हे ओळखलेल्या साहेबांनी हात वर केला. "त्याला हात लावायचा नाही. आहे तसाच हवा मला." मामांनी साहेबांकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि रंधा परत पिशवीत टाकला. तिथून पुढे मी खोका राहिलो नाही, साहेबांची युक्ती झालो.

सिनेमा आला आणि लोकांनी बटणला डोक्यावर घेतलं. भिंतीएवढ्या पोस्टरवर तिचा चेहरा लागला: डोळे विस्फारलेले, ओठ अर्धे उघडे. माझ्यावर बसून चहा पिणारी माणसं एकमेकांना सांगायची, "काय घाबरते हो ती पोरगी. अंगावर काटा येतो." मग दुसरा सिनेमा, तिसरा सिनेमा. एकात ती कोंडलेली, एकात आगीत सापडलेली, एकात पाण्याने वेढलेली. प्रत्येक वेळी मला ट्रकमध्ये टाकून तिथे नेत आणि तिच्या पायाखाली सरकवत. पाय दिसू नयेत म्हणून पुढे एखादं पिंप, एखादी कुंडी ठेवत. वर्तमानपत्रवाले यायचे, तिला उचलून फोटो काढायचे. माझाही एकदा काढला. साहेबांनी मला हलवून दाखवलं आणि म्हणाले, "हे माझं यंत्र." सगळे हसले. बटणही हसली, कारण मोठी माणसं हसली की आपणही हसायचं, एवढं ती शिकली होती.

तुम्हाला वाटेल, मजा आहे बुवा एका मुलीची. मलाही सुरुवातीला तसंच वाटलं. खोटं कशाला सांगू. पण मी तिच्या पायाखाली असायचो आणि पाय चेहऱ्यासारखे सावरता येत नाहीत. माझ्यावर पाऊल ठेवण्याआधीच ते थरथरायला लागायचे. एकदा तिची आई माझ्यावर बसून इस्त्रीवालीला सांगत होती की हल्ली पोरगी जिना उतरताना दोन्ही हातांनी कठडा धरते. झोपेत दचकते. शाळेत पोरं तिच्याभोवती कोंडाळं करून म्हणतात, घाबरून दाखव ना, घाबरून दाखव. सांगता सांगता आईने सुईत दोरा ओवायचा प्रयत्न केला आणि तो तिला काही केल्या ओवता येईना.

बटणने तक्रार केलीच नाही असं नाही. एके दिवशी आई तिच्या फ्रॉकचा घेर टाचत होती, तेव्हा ती हळूच म्हणाली, "आई, हा खोका हलतो."

आईच्या तोंडात टाचण्या होत्या. त्या काढून ती म्हणाली, "हलतो म्हणूनच तू आवडतेस त्यांना. गुमान उभी राहा."

मित्रांनो, त्या माउलीला वाईट म्हणू नका. तीही घाबरलेलीच होती. ज्या बाईला काल कुणी नीट हाक मारत नव्हतं, तिला आज लोक उठून खुर्ची देत होते. आपण एक शब्द बोललो की लेकीचं सगळं जाईल, या धास्तीने तिने तोंड शिवून घेतलं होतं. त्या सेटवर न घाबरलेलं असं कुणी नव्हतंच. साहेबसुद्धा घाबरायचे, आपली युक्ती एक दिवस चालायची नाही म्हणून.

आणि तो दिवस आलाच. बटण काही मूर्ख नव्हती. माझ्यावर इतक्या वेळा उभी राहून तिने माझी नस ओळखली होती. मी कुठे कलतो, किती कलतो, हे तिच्या तळव्यांना पाठ झालं होतं. ती अलगद तीन भल्या कोपऱ्यांवर भार देऊन उभी राहायची. माझाही जीव भांड्यात पडायचा. आम्ही दोघं पहिल्यांदाच निवांत झालो होतो आणि नेमकं तेच कॅमेऱ्यातून दिसलं.

"भीती शिळी झाली," साहेब म्हणाले.

त्यांनी सुतारमामांना बाजूला घेतलं. माझ्या चौथ्या कोपऱ्याला बोट लावून म्हणाले, "इथलं अजून थोडं घ्या. चांगलं दोन बोटं."

मामा म्हणाले, "पडेल साहेब पोरगी."

"पडायला लागली तर धरू की. एवढी माणसं आहेत."

"आणि नाही धरता आलं तर?"

"मामा, सिनेमा तुम्ही काढताय की मी?"

मामांनी रंधा उचलला. त्यांनाही घरदार होतं. रंधा माझ्या अंगावरून फिरला आणि माझे पांढरे छिलके जमिनीवर पडत राहिले. ज्या रंध्याने मी सरळ व्हायचा होतो, त्यानेच मला आणखी वाकडा केला. मला रडता येत असतं तर रडलो असतो.

त्यानंतर मला कुठे नेलं ते ऐका, म्हणजे माझी पाचावर धारण का बसली ते कळेल. स्टुडिओत दुमजली घर उभारलं होतं. वरच्या मजल्याला उघडी गच्ची आणि गच्चीला ठेंगणा कठडा. गोष्टीत त्या मुलीचे वडील घर सोडून चाललेले असतात आणि ती कठड्यावरून वाकून त्यांना शेवटचं पाहते. मला त्या कठड्याला अगदी चिकटवून ठेवलं. माझ्यावर उभं राहिलं की कठडा बटणच्या कमरेखाली यायचा. खाली दगडी फरशी होती. तिच्यावर आधी गाद्या टाकल्या होत्या, पण कॅमेऱ्यात त्या दिसायला लागल्या म्हणून उचलून नेल्या. साहेब म्हणाले होते ती एवढी माणसंही फ्रेममध्ये यायला लागली, म्हणून तीही जिन्याच्या खाली जाऊन उभी राहिली.

तालमीला बटण माझ्यावर चढली. तिने सवयीप्रमाणे भार तीन कोपऱ्यांवर दिला. पण आता ते गणित जुळत नव्हतं. मी असा काही कललो की तिचं अर्धं अंग कठड्याबाहेर गेलं. तिने दोन्ही हातांनी कठडा कवटाळला. मी तिला मागे ओढायला धडपडत होतो. पण लाकूड ते लाकूड, जिकडे कलेल तिकडे कलेल.

"हेच," खालून साहेबांचा आवाज आला. "अगदी हेच हवंय. जेवून घ्या, मग टेक."

सगळे जेवायला गेले. गच्चीवर आम्ही दोघंच उरलो. बटण बराच वेळ कठड्याला पाठ टेकून बसली होती. मग तिने मला धरलं आणि उलटं केलं. इतक्या दिवसांत तिने माझी खालची बाजू कधी पाहिली नव्हती. सगळं लाकूड जुनं, मळकं आणि एका कोपऱ्यात पांढरंशुभ्र, ताजं. तिने त्यावरून बोट फिरवलं. बोटाला भुसा लागला. ती त्या बोटाकडे पाहत राहिली. तोवर तिला वाटायचं की खोका वाईट आहे, किंवा आपणच भित्री आहोत. हे कुणीतरी मुद्दाम करतं हे तिला तेव्हा कळलं. मला तिच्याकडे पाहवेना.

डबा घेऊन आई वर आली. बटणने मला तिच्याकडे फिरवलं. आईने तो पांढरा कोपरा पाहिला, मग कठडा पाहिला, मग वाकून खालची फरशी पाहिली. डबा तिच्या हातातून खाली ठेवला गेला, जवळजवळ पडलाच.

"चल," ती म्हणाली. "ऊठ. घरी जाऊ आपण. नाही करायचं आपल्याला हे."

बटण उठली नाही. "आई, तुझ्या पिशवीत जाड कापड आहे?"

"कशाला?"

"याच्याखाली घालू. मग हा हलणार नाही."

आईने तिच्याकडे पाहिलं. "आणि मग घाबरशील कशी तू?"

"येतं मला."

"काय येतं?"

"घाबरायला. इतके दिवस दुसरं काय केलंय मी?" बटण म्हणाली. "घाबरल्यावर आधी श्वास अडकतो. मग हात गार पडतात. मग डोळे आपोआप मोठे होतात, करावे लागत नाहीत. ओठ सगळ्यात शेवटी. सगळं माहीत आहे मला."

आईने लेकीला छातीशी धरलं आणि सोडलं, कारण वेळ नव्हता. तिच्या पिशवीत कोटाच्या खांद्यात घालायच्या गाद्या होत्या. तिने दोन गाद्या एकावर एक ठेवल्या, वर जाड कॅनव्हास गुंडाळलं आणि दाभणाने टाके घातले. मित्रांनो, मी बरंच शिवणकाम पाहिलं आहे, पण तसे टाके पुन्हा पाहिले नाहीत. ते गाठोडं तिने माझ्या चौथ्या कोपऱ्याखाली ठोसून बसवलं. मग ती स्वतः माझ्यावर चढली, दोन्ही पायांनी नाचली आणि उतरली. मी तसूभरही हललो नाही. जन्माला आल्यापासून पहिल्यांदाच माझे चारही कोपरे जमिनीला टेकले होते.

आई जिन्यात जाऊन बसली, अगदी हाताच्या अंतरावर. "तिथे सावली पडेल," खालून कुणीतरी म्हणालं. "पडू दे," आई म्हणाली, आणि बसूनच राहिली.

दिवे लागले. कॅमेरा सुरू झाला. बटण माझ्यावर चढली. तिचे तळवे माझ्या फळीवर सपाट आणि चक्क उबदार होते. ती कठड्यावरून वाकली. आणि मग वर काय घडलं कुणास ठाऊक, खाली उभी असलेली माणसं एकदम पुढे धावली. कुणीतरी हात पसरले. कॅमेरावाले काका कॅमेरा सोडायच्या बेतात होते. मी हलत नव्हतो हे माझ्याइतकं कुणाला माहीत होतं? तिचे पाय खांबासारखे घट्ट होते हेही मला कळत होतं. तरीही माझं काळीज लक्कन हललं. वाटलं, पडली, गेली पोरगी.

"कट," साहेब म्हणाले. त्यांचा आवाज कापत होता. मग ते वर आले, बटणच्या गालाला हात लावला आणि वाकून माझ्या पाठीवर थाप मारली. "बघितलंत? या खोक्याशिवाय जमत नाही."

बटणने खाली माझ्याकडे पाहिलं. आई जिन्यात तोंडाला पदर लावून बसली होती. ती हसत होती की रडत होती, मला शेवटपर्यंत कळलं नाही.

त्या संध्याकाळी सुतारमामांनी सामान आवरताना मला उलटं केलं. ते गाठोडं त्यांना दिसलं. त्यांनी इकडेतिकडे पाहिलं, गाठोडं काढून आईच्या पिशवीत ठेवलं आणि त्या जागी एक चांगला लाकडी तुकडा बसवून खिळे मारले. कुणाला काही बोलले नाहीत. त्यानंतर बटणने माझ्यावर उभं राहून खूप कामं केली. घाबरली, पण हसलीही, भांडलीही, एका सिनेमात तर राणी झाली. मग ती वाढली. एक दिवस माझ्यावर चढली तर डोकं फ्रेमबाहेर गेलं. "खोका काढा," कॅमेरावाले काका म्हणाले. तिने कुणाला बोलावलं नाही, स्वतःच मला उचलून भिंतीशी नेऊन ठेवलं. ती आता मोठी नटी आहे म्हणतात. मी गोदामात, मोडक्या खुर्च्यांच्या मागे. धूळ बसली, उंदरांनी बिऱ्हाड केलं. पण हलत नव्हतो, म्हणून झोप चांगली लागायची.

मग कालपर्यंत सगळं ठीकच होतं म्हणायचं. पण मित्रांनो, साहेबांनी म्हातारपणी जिथे तिथे भाषणात सांगितलं की ती मुलगी कशी घडली, तर एका हलणाऱ्या खोक्यामुळे. लोकांना ही गोष्ट फार आवडली. काल एक नवीन दिग्दर्शक मला शोधत गोदामात आला. धूळ झटकली. हौसेने जमिनीवर ठेवून हलवून पाहिलं. मी हललो नाही. त्याने मला उलटं केलं, मामांनी ठोकलेला तुकडा पाहिला आणि म्हणाला, "कुठल्या शहाण्याने बिघडवून ठेवलाय हा?" पकडीने खिळे उपटून त्याने तो तुकडा काढून टाकला.

आता मी पुन्हा डुगडुगतो. मला एका नव्या सेटवर आणून ठेवलं आहे. शेजारी एक उंच खिडकी आहे. पुढचे दात पडलेली एक मुलगी आज येऊन माझ्याकडे पाहून गेली. तिला कुणीतरी सांगितलं, "यावर उभी राहा, तू पण मोठी होशील." तिने माझ्यावरून प्रेमाने हात फिरवला, आणि त्या हाताने मला जी धडकी भरली ती अजून उतरली नाही.

म्हणून तुम्हाला हाक मारली. मला तोंड नाही, तुम्हाला आहे. त्या माणसाला सांगा की बटणला मी घडवलं नाही. ज्या दिवशी ती खरी नटी झाली, त्या दिवशी मी हलत नव्हतो. आणि तुम्हाला कधी कुणी अशा एखाद्या जागी उभं केलं, तर आधी ती उलटी करून बघा. हलत असेल तर मोठ्याने सांगा. हलतो म्हणूनच तू आवडतोस, असं कुणी म्हणालं, तर ते ऐकून घेऊ नका.

उद्या सकाळी ती मुलगी येईल. मी आत्तापासून माझा चौथा कोपरा जमिनीकडे ताणून बघतो आहे. लाकडाला ते जमत नाही. तुमच्यापैकी कुणी जवळपास असेल तर लवकर या. कापडाची एक जाड घडी पुरते.